मेहुण्याच्या कागदावरची भोकं

चाळीस वर्षं लोकांना "हं, आता खालची ओळ वाचा" असं दरडावण्यात घालवलेल्या माणसाला स्वतःला वरचीही ओळ दिसेनाशी झाली होती. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त भिंगोबांना. म्हणजे ठाऊक त्यांनाही होती, पण ते स्वतःला तसं कळू देत नव्हते.

भिंगोबा हे काही त्यांचं नाव नव्हे. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यात ते भिंग लावून इतका वेळ बघत बसायचे की समोरच्याला आपल्या पोटातलं सकाळचं जेवणही ह्यांना दिसत असावं अशी शंका यायची. त्यावरून कुणीतरी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. आता दुकान मुलगी बघत होती, आणि भिंगोबा घरी बसून जगाच्या ढासळत्या दर्जावर टीका करत होते. वर्तमानपत्रवाले शाईत पाणी घालतात. बल्बमध्ये पूर्वीसारखा जोर राहिला नाही. दाढीची पाती अशी निघतात की अर्धा गाल तसाच राहतो. घरातले सगळे बल्ब त्यांनी दोनदा बदलून घेतले होते. बायको चहा ठेवताना फक्त म्हणायची, "कप उजव्या हाताला आहे हं." हे वाक्य ती गेली दोन वर्षं म्हणत होती, आणि ती ते का म्हणते हे भिंगोबांनी कधी विचारलं नव्हतं.

मोतीबिंदू. दुसरं काय असणार? भिंगोबांनी आयुष्यात शेकडो माणसांना पाठीवर थाप मारून ऑपरेशनला धाडलं होतं. "काही नसतं हो, मुंगी चावल्यासारखं!" पण स्वतःच्या उघड्या डोळ्यात कुणीतरी हत्यार घालणार ह्या नुसत्या विचाराने ते दोन्ही हातांनी डोळे झाकून घ्यायचे. त्यांना भीती वाटत होती. साधी, लहान मुलाला वाटते तशी भीती. ती त्यांनी बल्बवाल्यांच्या आणि शाईवाल्यांच्या नावावर टाकून दिली होती.

आता अशा माणसाच्या हाती बंदूक राहूच कशी दिली, असं कुणी विचारेल. तर त्याचंही उत्तर आहे. परवान्यासाठी डोळे तपासून घ्यावे लागतात. पण गावातल्या प्रत्येक डॉक्टरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता भिंगोबांच्याच दुकानातून गेलेला. तो त्यांना बोबडे बोल बोलणाऱ्या पोराला गाणं पाठ असावं तसा पाठ होता. शेवटच्या वेळी डॉक्टरने तक्त्यामागचा दिवा लावायच्या आतच ह्यांनी खालपर्यंत म्हणून टाकला. डॉक्टर थक्क झाला आणि त्याने सही केली.

बंदूक आजोबांची होती. शिकारीची, एका वेळी एकच गोळी घेणारी, काळ्या दारूची आणि तोफेच्या लहान भावासारखी जाड. नळीत अंगठा सहज जाईल. आजोबांनी तिने काय काय मारलं त्याच्या कथा होत्या, आणि प्रत्येक पिढीत जनावर थोडं मोठं होत होतं. आता शिकार कुणी करत नाही. रानडुकरं सुखाने म्हातारी होऊन मरतात. पण अशा जुन्या बंदुका घरी असलेल्यांचा एक क्लब होता. वर्षातून एक दिवस ही मंडळी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत जमायची आणि कागदावर गोळ्या झाडायची. क्लबात गुडघे धड असलेला एकही इसम नव्हता. काडतुसांच्या पट्ट्यांपेक्षा औषधांच्या डब्याच जास्त निघायच्या. पण त्या एका दिवशी प्रत्येक जण आजोबांचा नातू व्हायचा.

ह्या वर्षी मुलीने ठरवलं, आपणच गाडी चालवत बाबांबरोबर जायचं. बायकोही मागे बसली. वाटेत मुलीने विषय काढला.

"बाबा, एक पैज. आज तुमच्या कागदावर एक जरी भोक पडलं, अगदी कोपऱ्यात पडलं तरी चालेल, तर मी वर्षभर डोळ्यांचं नाव काढणार नाही. कागद कोरा राहिला तर ऑपरेशन. आणि ते होईपर्यंत बंदूक मामाकडे."

"मामाकडे?" भिंगोबा गाडीत उडालेच. "त्या लिलाववाल्याकडे? तो ती सोफ्याबरोबर विकून टाकेल!"

"मग लावा गोळी."

"एक काय, पाच लावतो. हात दे इकडे." त्यांनी हात पुढे केला तो गिअरवर आपटला. मुलीने तो उचलून आपल्या हातात घेतला आणि हलवला.

मामा, म्हणजे भिंगोबांचा मेहुणा, खाणीत आधीच पोचला होता. मेलेल्या माणसांच्या घरातलं सामान लिलावात विकणं हा त्याचा धंदा, आणि त्यामुळे त्याचा आवाज असा झाला होता की कानात सांगितलेलं गुपितही मागच्या रांगेपर्यंत जायचं. त्याची बंदूक बारीक नळीची, नक्षीच्या दस्त्याची, कुठल्याशा लिलावात त्याने स्वतःच स्वतःला विकलेली होती.

"या भाऊजी! ताई, ये गं! भाऊजी, ती बंदूक अजून फुटली नाही? काढता का विकायला? बोली मीच लावतो. एकदा... दोनदा..."

"तू आधी नेम लाव, मग बोली लाव," भिंगोबा म्हणाले. दोघांची जुंपली. ह्या गडबडीत क्लबचे चिटणीस, निवृत्त हेडमास्तर, मोठ्या अभिमानाने सगळ्यांना काहीतरी सांगत होते, ते भिंगोबांच्या कानांत शिरलंच नाही.

हेडमास्तर सांगत होते ते असं. मागच्या वर्षी ऐन गोळीबारात एक जोडपं एकांत शोधत कागदांमागच्या मातीच्या बांधावर चढलं होतं. त्यांना खाली आणताना हेडमास्तरांचीच घाबरगुंडी उडाली होती. म्हणून ह्या वर्षी त्यांनी बांधाच्या डाव्या टोकाला एक नवा, पांढराशुभ्र बोर्ड उभा केला होता. "सावधान, गोळीबार चालू आहे." अक्षरं वीतभर उंच होती. रंग त्यांनी स्वतः दिला होता.

त्या बोर्डाच्या उजवीकडे ओळीने लाकडी चौकटी, आणि प्रत्येक चौकटीवर चार कोपऱ्यांना चार खिळे मारून बसवलेला कागद. मधोमध काळा ठिपका. दोन नंबर मेहुण्याचा. तीन नंबर भिंगोबांचा, कायमचाच. कार्यक्रम ठरलेला: शिट्टी झाली की सगळ्यांनी झाडायच्या, पुन्हा शिट्टी झाली की बंदुका रिकाम्या करून खाली ठेवायच्या. आणि क्लबचे दोन जुने नियम. पहिला, कागद ज्याचा, त्याच्यावरची भोकं त्याची, वाद नको. दुसरा, ज्याचा कागद कोरा राहील त्याने तो घरी नेऊन पुढच्या वर्षापर्यंत दिवाणखान्यात टांगायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.

भिंगोबांनी बंदूक खांद्याला लावली. समोर धुकं होतं. ऊन लखलखीत होतं, पण त्यांच्यापुरतं धुकं होतं, आणि त्या धुक्यात पांढरे डाग ओळीने उभे होते. त्यांच्यात काळा ठिपका होता की नव्हता, देव जाणे. पण गडी हुशार. त्यांनी मनाशी म्हटलं, ठिपका हवाय कशाला? डाग तर दिसतोय. डागाच्या मधोमध माशी धरायची, म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारीक मणी, की झालं. आणि डाग कुठला, तर तिसरा. त्यांनी डावीकडून मोजलं. एक, दोन, तीन.

तुमच्या लक्षात आलं असेलच. पहिला डाग हेडमास्तरांचा बोर्ड होता.

शिट्टी झाली. भिंगोबांची बंदूक धडाडली आणि एवढा धूर निघाला की दोन्ही बाजूंचे म्हातारे खोकायला लागले. काळ्या दारूचं तेच असतं, गोळी कुठे गेली ते झाडणाऱ्याला सोडाच, पण बघणाऱ्यालाही कळत नाही. धूर विरला, त्यांनी दुसरी भरली. हात मात्र खणखणीत होते. बारीक स्क्रू आवळून आवळून झालेले हात, त्यांना कंप ठाऊकच नव्हता. श्वास सोडायचा, थोडा राखायचा, डागाच्या मधोमध माशी, आणि चाप. धडाम. पाचही गोळ्या गेल्या तेव्हा त्यांच्या मनाला आतून कळलं होतं की आज जमलंय. असं कळतं.

मुलगी मागे, कानांत कापूस घालून, चहाच्या थर्मासपाशी बसली होती. हेडमास्तरांनी शिट्टी वाजवली, दुर्बीण लावली आणि एकेक निकाल ओरडून सांगायला सुरुवात केली.

"एक नंबर, दोन गोळ्या, पांढऱ्यात! दोन नंबर..." ते थांबले. दुर्बीण पुसून त्यांनी पुन्हा लावली. "दोन नंबर, पाच! सगळ्या काळ्यात! अहो, मधोमध!"

मेहुण्याने आधी मागे वळून पाहिलं, दोन नंबर म्हणजे आणखी कुणी आहे का ते. कुणी नव्हतं. मग त्याने छाती काढली.

"तीन नंबर," हेडमास्तरांचा आवाज खाली आला, "कोरा."

भिंगोबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. कान तर चांगले होते.

सगळे बांधाकडे निघाले. मुलगी तिथेच थांबली, बायको मात्र नवऱ्याबरोबर गेली. भिंगोबा आपल्या कागदाला नाक लावून उभे राहिले. पांढरं, काळं, पांढरं.

"बघ गं, एखादं तरी आहे का," ते हळूच म्हणाले.

बायकोने कागदावरून नजर फिरवली, खिळे उपटले, कागद गुंडाळला आणि म्हणाली, "चला, चहा निवतोय."

शेजारी मेहुण्याच्या कागदाभोवती गर्दी झाली होती. "केवढी भोकं पडलीत रे," कुणीतरी म्हणालं. मेहुणा म्हणाला, "कागद दमट होता. फाटतो." दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाला खोकला आला. पण नियम तो नियम, आणि मेहुण्याशी वाद घालायचा म्हणजे त्याचा आवाज ऐकावा लागणार, म्हणून कुणी पुढे गेलं नाही.

गर्दी हलल्यावर भिंगोबा तिथे गेले. डोळ्यांनी काही कळेना, म्हणून त्यांनी बोटांनी चाचपलं. एका भोकात अंगठा घातला. अंगठा आत गेला.

मेहुण्याच्या बंदुकीच्या भोकात पेन्सिल कशीबशी जाते.

भिंगोबांनी दुसऱ्या भोकात अंगठा घातला. तिसऱ्या. पाचही भोकं एका बशीत मावतील अशी.  एवढी सुरेख नेमबाजी त्यांनी तरुणपणीही केली नव्हती. आजोबांनीही केली नसावी, कथा काही का सांगत असेनात. असं नाचावंसं वाटत होतं, असं ओरडावंसं वाटत होतं! आणि ओरडायची सोय नव्हती. कारण ओरडलं की पुढचा प्रश्न ठरलेला: तीन नंबरवाल्याने दोन नंबरवर गोळ्या झाडल्याच का? हे डोळस असले तर नेमबाज नव्हते, आणि नेमबाज असले तर डोळस नव्हते.

गप्प बसायचं, त्यांनी ठरवलं. तोंड शिवून टाकायचं.

मुलगी समोर आली. तिने कोऱ्या कागदाची गुंडाळी पाहिली, बापाचा पडलेला चेहरा पाहिला, आणि तिला भरून आलं. पोरगी बाहेरून कडक, आतून लोणी.

"दारू जुनी होती," भिंगोबा म्हणाले. "दमट झाली होती. गोळी पोचलीच नाही."

"असेल बाबा," ती म्हणाली. "ठीक आहे. तुम्ही म्हणता तर नवी दारू आणू. पुढच्या महिन्यात इथेच, आपण दोघंच येऊ, आणखी एक संधी. तोपर्यंत बंदूक तुमच्याकडेच."

सुटले! भिंगोबांना वाटलं, देव आहे. एका महिन्यात काय काय करता येईल! डावीकडून मोजण्याऐवजी उजवीकडून मोजता येईल. कागदामागे कंदीलही लावता येईल. ते चहा घेऊन सावलीत बसले. आता एकच काम होतं, अर्धा तास गप्प राहायचं आणि घरी जायचं.

पण मेहुण्याच्या पोटात यश राहीना. त्याने आधी हेडमास्तरांना श्वासाचं तंत्र समजावलं. मग एक नंबरवाल्याला उभं राहण्याची ढब दाखवली. मग खुर्ची ओढून, आपला कागद मांडीवर घेऊन तो भिंगोबांसमोर बसला. भिंगोबांनी कपात तोंड घातलं.

"भाऊजी, वाईट वाटून घेऊ नका. पण तुम्ही चाप ओढता. ओढायचा नसतो, दाबायचा. लाडाने."

भिंगोबांनी बिस्किट मोडलं.

"आणि खरं सांगू का? ही उपजत असावी लागते. काहींच्या हातात असते, काही नुसते चष्मे विकतात."

भिंगोबांनी दुसरं बिस्किट मोडलं. बायको त्यांच्याकडे बघत होती.

"ती बंदूक द्या मला. आजोबांचंही नाव निघेल. माझ्या हातात आली ना, तर अशी बोलेल, अशी बोलेल..."

"अरे गाढवा, आजच बोलली ना ती!" भिंगोबा उभे राहिले. कप पडला. "पाच वेळा बोलली! ती माझी भोकं आहेत, माझी!"

आता त्यांना थांबवणारं कुणी नव्हतं. त्यांनी मेहुण्याच्या मांडीवरचा कागद ओढला, खिशातून आपली गोळी काढली आणि भोकात बसवली. कोटाच्या काजात बटण बसावं तशी ती बसली. मग मेहुण्याच्या पट्ट्यातली एक गोळी काढून त्याच भोकातून खाली सोडली. ती कुठेही न अडकता जमिनीवर पडली. "बघा! बघा सगळ्यांनी! हा पठ्ठ्या कागदाच्या आसपासही फिरकला नाही! पाचच्या पाच माझ्या! अंगठा घालून बघा कुणीही!" चाळीस वर्षांची काउंटरवरची सवय, गिऱ्हाइकाला पटवून दिल्याशिवाय सोडायचं नाही. त्यांनी हेडमास्तरांचा अंगठा धरून खरोखरच भोकात घातला.

मेहुण्याचं तोंड उघडं राहिलं, आणि त्यातून काही म्हणजे काही बाहेर पडलं नाही. हे सुख भिंगोबांनी मिनिटभर मनसोक्त भोगलं.

मग मुलीचा आवाज आला, शांत. "बाबा, म्हणजे तुम्ही दोन नंबरवर नेम धरलात?"

"छे! तीनवर. डावीकडून तिसरा. मोजून घेतला."

"पहिला कुठला?"

"तो काय, अगदी टोकाचा. त्याच्यावर कुणी झाडलीच नाही वाटतं."

"अहो, तो माझा बोर्ड आहे," हेडमास्तर म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं.

कुणी हसलं नाही, अजून. मुलीने विचारलं, "बाबा, काय लिहिलंय त्यावर?"

भिंगोबांनी डोळे बारीक करून बांधाकडे पाहिलं. तक्ता असता तर म्हणून टाकला असता. हा तक्ता त्यांच्या दुकानातला नव्हता. पण माघार घेणं रक्तात नव्हतं.

"काय असणार? सुस्वागतम्."

मग मात्र खाण हसली. गुडघे धरून धरून म्हातारे हसले, मेहुण्याचा आवाजही परत आला. मुलगी हसली नाही. ती उठून बापाजवळ आली आणि तिने त्यांचा दंड घट्ट धरला. 

"दुखत नाही ना गं?" त्यांनी तिच्यापुरतं विचारलं. लोकांना मुंगीची गोष्ट सांगणारा हा माणूस.

"नाही बाबा. मी असेन तिथे."

पहिल्या नेमबाजाचा चषक नियमाप्रमाणे मेहुण्याला मिळाला. बंदूकही त्याच्या गाडीत गेली. कोरा कागद नियमाप्रमाणे बायकोने स्वतः दिवाणखान्यात लावला, त्याच चार भोकांतून खिळे मारून.

ऑपरेशन उरकायला चहा उकळण्याइतका वेळ लागला. तेवढ्या वेळात भिंगोबांनी मुलीचा हात दाबून दाबून लाल केला आणि अक्षरांचा तक्ता पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत पुन्हा पुन्हा म्हटला. डॉक्टरने शेवटी विनंती केली, की निदान मनात म्हणा.

पट्टी निघाल्यावर सकाळी ते दिवाणखान्यात येऊन बसले. वर्तमानपत्राची शाई ठळक होती. बल्ब घरातले तेच होते. कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं, बऱ्यापैकी जुनं. मग समोरच्या भिंतीवरच्या कागदावर नजर गेली आणि तिथेच थांबली.

चार कोपरे, चार खिळे. आणि डाव्या वरच्या खिळ्याच्या शेजारी, अगदी खेटून, आणखी एक भोक.

ते उठून जवळ गेले. खिळ्याचं भोक तसं दिसत नाही. ह्याला कडेने बारीक राखाडी वर्तुळ होतं, गोळी आरपार जाताना सोडून जाते ते. खिशातली पेन्सिल त्यांनी लावून बघितली. कशीबशी गेली. मेहुणा! स्वतःचा कागद सोडून शेजारच्याच्या कोपऱ्यात मारणारा तो उपजत नेमबाज!

आणि कागद ज्याचा, त्याच्यावरची भोकं त्याची. एक जरी भोक पडलं, अगदी कोपऱ्यात पडलं तरी चालेल.

भिंगोबांनी मुलीला हाक मारायला तोंड उघडलं. मागून बायको चहा घेऊन आली. ती त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्यांना इतक्या लांबून स्वच्छ दिसलं.

"दिसलं वाटतं," ती म्हणाली.

"तुला... तुला ठाऊक होतं?"

"खिळे मीच काढले ना. तेव्हाच दिसलं."

"आणि बोलली नाहीस? अगं, म्हणजे मी पैज जिंकलो होतो!"

"जिंकला होतात की," ती म्हणाली. "तुम्हाला दिसलं नाही, त्याला मी काय करू?"

तिने चहा टेबलावर ठेवला. "कप उजव्या..." असं सवयीने म्हणायला गेली, आणि तिथेच थांबली. भिंगोबांनी तो आधीच उचलला होता.